राणी एक की अनेक? लाल मुंगीच्या वारुळातलं जीपी-९ प्रकरण

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ‘फायर अँट’ नावाच्या लाल मुंगीने लोकांना सळो की पळो करून सोडलंय. शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली, पॅराग्वे आणि पराना नद्यांच्या खोऱ्यांतली. १९३०च्या सुमारास जहाजातल्या मालाबरोबर अलाबामातल्या मोबील बंदरात उतरली आणि तिथून टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत पसरली. ही मुंगी जबड्याने कातडी पकडते आणि अंग गोल फिरवत पुन्हा पुन्हा नांगी मारते. दुसऱ्या दिवशी तिथे पांढऱ्या तोंडाची पुळी उठते. आपल्याकडे शेताच्या बांधावर जी तांबडी, कडकडून चावणारी मुंगी सापडते, तिच्यात याच कुळातली सोलेनॉप्सिस जेमिनाटा असते. तिचा प्रसाद ज्यांना मिळालाय त्यांना अधिक वर्णन नको.

पण हे प्रकरण नांगीचं नाही, घराच्या कारभाराचं आहे. इन्व्हिक्टाची वारुळं दोन प्रकारची असतात. बाहेरून पाहून सांगता येणार नाही, जातही एकच, पण आतली रीत पार वेगळी.

पहिल्या प्रकारात अंडी घालणारी राणी एकच. दुसरी राणी आत शिरलीच तर कामकरी मुंग्या तिला ठार करतात. शेजारच्या वारुळाशी हाडवैर, हद्दीवरून मारामाऱ्या. या घरातल्या तरुण राण्या अंगाने भरलेल्या असतात. पंख फुटले की त्या उंच उडतात, हवेतच नराशी मीलन होतं, खाली उतरल्यावर राणी स्वतःचे पंख तोडून टाकते, जमिनीत बीळ खणते आणि तोंड बंद करून घेते. पहिल्या कामकरी बाहेर पडेपर्यंत तिला अन्नाचा कण मिळत नाही. अंगातली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले उडायचे स्नायू विरघळवून ती पिल्लांना पोसते. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात असं आपण म्हणतो, ते यातल्या बहुतेक राण्यांना लागू पडतं. जगतात त्या थोड्या.

दुसऱ्या प्रकारात राण्या अनेक, दोनपासून कधी शेकड्यांपर्यंत. शेजाऱ्यांशी फारसं भांडण नाही, त्यामुळे एकाच कुरणात वारुळांची दाटी होते. इथल्या तरुण राण्या हलक्या अंगाच्या. स्वतंत्र संसार थाटण्याइतकी शिदोरी त्यांच्या अंगात नसते. त्या आधीच वसलेल्या एखाद्या वारुळात शिरकाव करून घेतात. वारूळ फार मोठं झालं की काही राण्या आणि कामकरी चालत जाऊन जवळच नवं घर करतात. शेतकऱ्याला हा दुसरा प्रकार जास्त नकोसा, कारण एका राणीला विष घालून काही भागत नाही.

आता प्रश्न असा की कुठलं वारूळ कुठल्या रीतीने चालेल हे ठरवतं कोण? जागा? अन्न? दाटी? सुरुवातीला तसंच काहीतरी वाटणं साहजिक होतं. एवढा गुंतागुंतीचा सामाजिक व्यवहार जनुकाच्या एका खुंटीला टांगलेला असेल, असं कुणी सहसा धरून चालत नाही.

जेलवरचा पट्टा

१९९०च्या दशकात जॉर्जिया विद्यापीठातले केनेथ रॉस या मुंग्यांची प्रथिनं तपासत होते. पद्धत जुनी आणि स्वस्त. मुंगी चिरडून तिचा रस स्टार्चच्या जेलमध्ये घालायचा आणि जेलमधून वीज सोडायची. ज्या प्रथिनावर जसा विद्युतभार, तसं ते कमी-जास्त अंतर सरकतं. मग रंग ओतला की पट्टे दिसू लागतात. एकाच प्रथिनाची दोन रूपं असतील आणि त्यांच्या भारात फरक असेल तर पट्टे दोन वेगळ्या ठिकाणी उमटतात. रंगलेल्या पट्ट्यांपैकी एकाचं नाव ठेवलं होतं ‘जनरल प्रोटीन-९’, म्हणजे जीपी-९. नाव इतकं निर्विकार आहे, कारण हे प्रथिन करतं काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

या जीपी-९च्या जनुकाची दोन रूपं निघाली. शास्त्रज्ञ ती मोठ्या आणि छोट्या ‘बी’ अक्षराने लिहितात. आपण थोरला आणि धाकटा म्हणू. एकराणी वारुळात पाहावं तर राणी आणि सगळ्या कामकरी निव्वळ थोरल्या, दोन्ही प्रती थोरल्याच. बहुराणी वारुळात अंडी घालणारी प्रत्येक राणी मिश्र, एक प्रत थोरली आणि एक धाकटी. कामकऱ्यांत निव्वळ थोरल्या आणि मिश्र अशा दोन्ही. दोन्ही प्रती धाकट्या असलेली राणी अंडी घालण्याच्या वयाला पोचतच नाही, त्याआधीच मरते.

अमेरिकेतल्या इन्व्हिक्टामध्ये हा नियम इतका काटेकोर निघाला की जेलवरचे पट्टे पाहून वारूळ कुठल्या प्रकारचं ते सांगावं. जीवशास्त्रात असं क्वचितच होतं. सामाजिक वर्तनाच्या बाबतीत तर त्याहून क्वचित.

पण बहुराणी वारुळातल्या मिश्र राण्यांना निव्वळ थोरल्या मुलीही होतातच. त्या जातात कुठे?

मारेकरी कोण

१९९८मध्ये रॉस आणि लोझान विद्यापीठातले लॉरां केलर यांनी ‘नेचर’मध्ये याचं उत्तर छापलं. बहुराणी वारुळात निव्वळ थोरली राणी अंडी घालायला लागली की कामकरी तिला मारतात. लहान असताना, म्हणजे अंडाशय कामाला लागायच्या आधी, तिला कुणी हात लावत नाही. मिश्र राणीला तर कधीच नाही. आणि मारायला पुढे असतात त्या मुख्यतः मिश्र कामकरी, म्हणजे धाकट्याची प्रत अंगात असलेल्या.

ओळखतात कशावरून? या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग इथेच आहे. निव्वळ थोरल्या राणीच्या अंगाला कामकरी मुंगी घासली, आणि ती सोबतिणींमध्ये सोडली, तर सोबतिणी तिच्यावरच तुटून पडतात. मिश्र राणीला घासलेल्या मुंगीचं असं होत नाही. म्हणजे राणीची चाल नाही, आकार नाही, आवाज नाही. तिच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगाला लागू शकेल असं काहीतरी. वास. घरातलीच बहीण, जिच्याबरोबर काल अन्न वाटून खाल्लं, ती केवळ चुकीचा वास अंगाला लागल्यामुळे वैरी ठरते.

उत्क्रांतीच्या अभ्यासकांना हे वाचून एक जुनी गोष्ट आठवली. १९६४मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी कागदावर एक शक्यता मांडली होती: एखादं जनुक स्वतःची खूण मिरवेल, तीच खूण दुसऱ्यात ओळखेल आणि त्या दुसऱ्याला झुकतं माप देईल. पुढे रिचर्ड डॉकिन्सनी तिला ‘हिरव्या दाढीचा परिणाम’ असं नाव दिलं. हिरवी दाढी असलेल्याने हिरव्या दाढीवाल्याचीच बाजू घ्यायची. खूण, ओळख आणि पक्षपात ही तिन्ही कामं एका जनुकाला जमणं अवघड, म्हणून ही कल्पना बहुतेकांनी कोपऱ्यात ठेवून दिली होती. इथे धाकटा जनुक नेमका तसाच वागताना दिसला. फक्त आपल्यांना मदत करण्याऐवजी तो परक्यांचा काटा काढत होता.

पुढचा प्रयोग सरळ होता. वारुळातल्या कामकऱ्यांचं मिश्रण बदललं तर रीत बदलते का? रॉस आणि केलर यांनी एकराणी वारुळांत बहुराणी वारुळांतल्या, धाकटा जनुक बाळगणाऱ्या कामकरी भरल्या. ज्या घरात आगंतुक राणीची खैर नव्हती, त्या घरात जादा राण्या नांदू लागल्या. उलट दिशेनेही तसंच झालं. आणि त्यासाठी मिश्र कामकऱ्यांचं बहुमत लागत नाही, थोड्या असल्या तरी सगळ्या घराची रीत फिरते. हे निकाल २००२मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रथिनाचं कूळ

त्याच वर्षी मायकेल क्रीगर आणि रॉस यांनी ‘सायन्स’मध्ये जीपी-९चं कूळ उघड केलं. त्यांनी प्रथिन शुद्ध करून त्याच्या अमिनो आम्लांची माळ वाचली आणि जनुक गाठलं. ती माळ जुळली गंधबंधक प्रथिनांच्या घराण्याशी.

या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. कीटकाचं नाक म्हणजे त्याच्या स्पर्शिका. स्पर्शिकेवर सूक्ष्म रोम असतात, रोमाला छिद्रं, आणि आत चेतापेशीची टोकं एका पाणचट द्रवात बुडालेली. वासाचे बरेचसे रेणू तेलकट. पाण्यात ते विरघळत नाहीत. छिद्रातून आत आलेला तेलकट रेणू पोटाशी धरून चेतापेशीवरच्या गंधग्राहीपर्यंत पोचवायचं काम गंधबंधक प्रथिनं करतात असं मानलं जातं. ती लहान असतात, सहा पिळांची, गंधकाच्या तीन टाक्यांनी घट्ट शिवलेली, आणि मधल्या पोकळीत रेणू बसतो. कीटकातलं असं पहिलं प्रथिन १९८१मध्ये रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांना एका मोठ्या अमेरिकन पतंगाच्या नरात सापडलं. तो पतंग अँथेरिया प्रजातीतला. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर ज्याचे कोष वाढवतात तो टसरचा किडा त्याचा चुलतभाऊच.

तर आता कथा कशी छान जुळून आली पाहा. कामकऱ्यांनी राणी मारायची की नाही हे वासावर ठरतं. ज्या जनुकावर ते अवलंबून दिसतं, ते वास पकडणाऱ्या प्रथिनाचं. तर्क असा बांधला गेला की थोरल्या प्रकारचं प्रथिन राणीचा गंध नीट धरतं, धाकट्याचं धरत नाही; म्हणून धाकटा बाळगणाऱ्या कामकऱ्यांना घरात राण्या किती झाल्या याचा अंदाज राहत नाही आणि त्या अनेक राण्या खपवून घेतात. दक्षिण अमेरिकेतल्या इतर जवळच्या जातींमध्येही बहुराणी वारुळांत धाकट्यासारखंच रूप आढळलं, त्यामुळे संशयाला आणखी बळ आलं. एक जनुक, एक प्रथिन, एक सामाजिक व्यवस्था.

इतकं नीटनेटकं उत्तर मिळालं की मला जरा धास्ती वाटते.

खटला ढिला पडतो

पहिली शंका साधी होती: हे प्रथिन अंगात असतं कुठे? २००८मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले वॉल्टर लील आणि युको इशिदा यांनी ते शोधलं. वास पकडण्यासाठीच असलेलं प्रथिन स्पर्शिकांत भरपूर आणि इतरत्र नसल्यात जमा असायला हवं. जीपी-९ सगळीकडे सापडलं, शरीरातल्या रक्तासारख्या द्रवातसुद्धा. त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की हे प्रथिन सर्वव्यापी आहे आणि सामाजिक रचनेतल्या गंधज्ञानात त्याचा हात असण्याची शक्यता कमी. गंधबंधक घराण्यात जन्म झाला म्हणून प्रत्येकाने नाकातच नोकरी करायला हवी असं नाही. या घराण्यातली कित्येक प्रथिनं शरीरात भलतीच कामं करतात.

दुसरी शंका जास्त खोल. कामकऱ्यांचं नाक बदलतं हे मान्य केलं, पण राणीचा वासही जनुकाप्रमाणे बदलतो ना? वास पकडणारं प्रथिन वास निर्माण कसा करेल? शिवाय राण्यांचं वजन वेगळं, एकटीने संसार थाटायची ताकद वेगळी, आणि दोन्ही प्रती धाकट्या असलेल्या राण्या तर मरतातच. एका छोट्याशा वाहक प्रथिनाच्या माथ्यावर इतकी कामं मारायची म्हणजे फारच झालं.

उत्तर २०१३मध्ये आलं. जॉन वांग, यानिक वुर्म आणि सहकाऱ्यांनी, त्यांत रॉस आणि केलरही होते, मिश्र राण्यांच्या नर मुलांची जनुकं एकेक करून तपासली. मुंगीचा नर निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, म्हणून आईकडून कुठला तुकडा आला हे त्याच्यात स्वच्छ दिसतं. त्यांना दिसलं की जीपी-९ एकटं कधीच येत नाही. त्याच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा भलामोठा पट्टा, अर्ध्याहून अधिक लांबीचा आणि ६००हून जास्त जनुकांचा, अखंड एकत्र पुढच्या पिढीत जातो. धाकट्या रूपात या पट्ट्यातला एक मोठा तुकडा उलटा बसलेला आहे. त्यामुळे थोरल्या गुणसूत्राशी त्याची जनुकांची देवाणघेवाण होत नाही. आणि दोन्ही प्रती धाकट्या असलेली राणी जगतच नाही, त्यामुळे धाकट्याला धाकट्याशी देवाणघेवाण करायची संधीही मिळत नाही. पुरुषांच्या वाय गुणसूत्राची गत अशीच असते. म्हणून याला ‘सामाजिक गुणसूत्र’ म्हणू लागले, आणि अशा एकगठ्ठा जाणाऱ्या जनुकांना ‘सुपरजीन’.

म्हणजे पोलिसांनी सहाशे प्रवाशांच्या गाडीतून खिडकीशी बसलेल्या एकाला उतरवलं, कारण त्याचा चेहरा तेवढा दिसला. तो गाडीत होता हे खरं. बाकीचेही होते. जेलवर ज्याचे पट्टे वेगवेगळे उमटले ते जीपी-९ होतं, एवढ्याने ते करणारं ठरत नाही.

हिरव्या दाढीची गोष्टही यामुळे उलट सोपी झाली. खूण, ओळख आणि पक्षपात ही तीन कामं एका जनुकाने करायची गरज उरली नाही. गठ्ठ्यातली वेगवेगळी जनुकं ती वाटून घेऊ शकतात.

इतर जातींत तेच रूप सापडलं, हा जो भक्कम पुरावा वाटला होता, त्याचंही २०२२पर्यंत वेगळं स्पष्टीकरण मिळालं. जनुकसंचांची तुलना केल्यावर दिसलं की हा संपूर्ण गठ्ठा संकरातून एका जातीतून दुसऱ्या जातीत गेलाय. म्हणजे प्रत्येक जातीत प्रथिन स्वतंत्रपणे तसंच बदललं असं नाही. सगळ्यांनी तोच माल उसना घेतला, आणि मालाबरोबर जीपी-९ आपोआप आलं.

मग वासाचं काय?

इथे काहीजण पार दुसऱ्या टोकाला जातात आणि गंधाची सगळी बाजूच सोडून देतात. ते मला पटत नाही. घासलेल्या मुंगीचा प्रयोग अजून उभाच आहे. राण्यांच्या कातडीवरच्या मेणचट थरात, विशेषतः असंपृक्त हायड्रोकार्बनांत, सामाजिक गुणसूत्राप्रमाणे फरक असतो हेही पुढच्या कामात दिसलं. आणि त्या गठ्ठ्यात जीपी-९ खेरीज गंधबंधक घराण्याची इतरही जनुकं आहेत. संशयित बदलला असेल, गुन्ह्याची जागा तीच आहे.

मुंगीचा समाज नाकावर किती टेकलेला असतो हे पाहायचं तर २०१७चे दोन प्रयोग बघावेत. त्यांतल्या एका प्रयोगातली मुंगी आपल्याच देशातली: दक्षिण भारतात सापडणारी, उड्या मारत शिकार करणारी हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर. कीटकांच्या गंधग्राहींना एका जोडीदार प्रथिनाशिवाय काम करता येत नाही. त्याचं नाव ऑर्को. संशोधकांनी ऑर्कोचं जनुकच कापून टाकलं. त्या मुंग्या वारुळाबाहेर भरकटू लागल्या, सोबतिणींशी त्यांचा संवाद तुटला, आणि मेंदूतला वास हाताळणारा भागही खुरटला. माशीत ऑर्को काढलं तर तो भाग बऱ्यापैकी शाबूत राहतो. मुंगीत राहत नाही.

मात्र हे गंधग्राहीबद्दल झालं. गंधबंधक प्रथिनांबद्दल चित्र धूसर आहे. जॉन कार्लसन यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने फळमाशीच्या काही रोमांतली मुबलक गंधबंधक प्रथिनं काढून टाकली, तरी चेतापेशी वासाला व्यवस्थित प्रतिसाद देत राहिल्या. २०१९च्या या निकालानंतर ‘तेलकट रेणू पोचवणारा हमाल’ ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट सरसकट सगळीकडे लागू करायला नको, असं मला वाटतं.

एखाद्या गंधबंधक प्रथिनामुळे वर्तन बदलतं असं म्हणायला पुरावा कसा लागतो, याचंही एक उदाहरण आहे. सेशेल्स बेटांवर ड्रोसोफिला सेशेलिया नावाची फळमाशी बारतोंडीच्या फळावर अंडी घालते. आपल्या कोकणात ही झाडं आहेत, आणि ‘नोनी’ नावाने बाटलीत विकतात तो रस याच फळाचा. पिकल्यावर जो उग्र, आंबूस वास येतो तो त्यातल्या ऑक्टॅनोइक आणि हेक्झॅनोइक आम्लांचा. इतर फळमाश्यांना ती आम्लं विषासारखी. २००७मध्ये ताकाशी मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या फळमाशीतली दोन गंधबंधक जनुकं, ओबीपी-५७डी आणि ओबीपी-५७ई, काढली. तेव्हा अंडी घालायची जागा निवडण्यात फरक पडला. मग त्यांच्या जागी सेशेलियाची जनुकं बसवली, आणि माशीची निवड सेशेलियाच्या बाजूला झुकली. मौज म्हणजे ही प्रथिनं नाकात नसून पायांवरच्या, चव घेणाऱ्या रोमांत असतात. काढून पाहिलं, बदलून घातलं, वर्तन त्या दिशेने सरकलं. जीपी-९ ला दोषी धरायचं तर थोरल्या गुणसूत्रावर बाकी काही न हलवता फक्त तेवढं एक जनुक धाकटं करून तसल्या कामकऱ्यांपुढे राण्या ठेवायला हव्यात. वारुळांतली मिश्रणं बदलणाऱ्या प्रयोगांनी ते सिद्ध होत नाही, कारण त्यांत दर वेळी सगळा गठ्ठाच इकडून तिकडे गेला.

जीपी-९ मात्र कामातून गेलेलं नाही. २००३पासून त्याच्या दोन रूपांसाठी साधी पीसीआर चाचणी आहे. अमेरिकेबाहेर ही मुंगी आता ऑस्ट्रेलिया, तैवान, चीनमध्ये पोचली आहे, आणि २०२३मध्ये सिसिलीत, सिराक्यूज शहराजवळ, तिची ८८ वारुळं सापडल्याची नोंद झाली. नव्या जागी ती सापडली की बंदोबस्त करणाऱ्यांना आधी हेच कळायला हवं असतं की वारुळं एकराणी आहेत की बहुराणी. एकराणी असतील तर उडून लांब जाणाऱ्या राण्यांची काळजी, बहुराणी असतील तर चालत पसरणाऱ्या दाट वस्तीची आणि मातीबरोबर, कुंड्यांबरोबर हलणाऱ्या तुकड्यांची. वारूळ खणून राण्या मोजत बसण्यापेक्षा काही कामकरी अल्कोहोलच्या कुपीत टाकायच्या आणि धाकट्याचा पट्टा उमटतो का बघायचं. त्या पट्ट्यामागचं प्रथिन मुंगीच्या अंगात नेमकं काय करतं, हे कळायची या कामासाठी गरज पडत नाही.